मोडीतलं नैरोबी

कुणी विचारलं, तुम्ही नोकरीत काय करत होता, तर मी सांगते, कागद दुरुस्त करत होते. ऐकणाऱ्याला वाटतं, बाई शाळेच्या वह्यांना पुठ्ठे घालत असणार. एका लग्नात माझ्या जावेनं चारचौघींत माझी ओळख करून दिली, "ह्या फाटकी कागदं चिकटवतात." मला राग आला नाही. काम तेच होतं. फक्त कागद दोन-दोनशे वर्षांचे होते आणि चिकटवताना एक अक्षर जरी खळीखाली गेलं तरी ते पुन्हा कुणाला दिसणार नव्हतं.

मी मुळात बाइंडिंगवाली. लग्नाआधी कोल्हापुरात एका छापखान्यात छापील ताव घडी घालायला आणि शिवायला जायची. माझ्या पाठीमागं खिळे जुळवणारे बसायचे. शिशाचा एकेक खिळा कप्प्यातून उचलायचा, उलटं अक्षर वाचायचं, ओळ उभी करायची. त्यांच्याकडं बघून बघून मला छपाईची नजर आली. पुढं एका जुन्या दप्तरखान्यात दुरुस्तीच्या विभागात लागले. तिथं कापडात बांधलेले गठ्ठेच्या गठ्ठे मोडीतले. दुरुस्ती करणारीला मोडी यायला पाहिजे असा नियम नव्हता, पण रोज हाताखालून जाणारं अक्षर माणूस किती दिवस न वाचता राहील? वाचणाऱ्यांना विचारून विचारून शिकले. आमचं बौद्ध घर. शाळेत गेलेली माझी आई घरातली पहिली. तिच्या मुलीला मोडी वाचता येते याचं कौतुक माझ्यापेक्षा तिलाच जास्त होतं.

बाहेरच्याला आमचं काम थोडक्यात सांगायचं तर कागद नवा करायचा नसतो, आहे तसा टिकवायचा असतो. तो धुवायचा, सपाट करायचा, फाटलं असेल तिथं गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ लावून कांद्याच्या पापुद्र्यासारखा कागद बसवायचा. उद्या कुणाला ती दुरुस्ती काढावीशी वाटली तर पाण्यानं सुटली पाहिजे. म्हणून चिकटपट्टी दिसली की माझ्या अंगावर काटा येतो. लोक ती मायेनं लावतात. एक गृहस्थ आजोबांचं पत्र प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करून घेऊन आले आणि म्हणाले, आता जरा पहिल्यासारखं मऊ करून द्या. प्लॅस्टिक आणि पत्र एकजीव झालं होतं. मी त्यांना चहा दिला. दुसरं काही देता आलं नाही.

हुपरीचे एक पैंजण करणारे कारागीर आले होते, त्यांची तऱ्हाच वेगळी. घरातल्या तीन पिढ्यांच्या नक्ष्या काढलेली वही वाळवीनं खाल्ली होती. त्यांची अट अशी की वही दुरुस्त करा, पण नक्षी बघू नका. मी म्हटलं, डोळे मिटून खळ कशी लावू? यावर त्यांनी तोडगा काढला. चार दिवस ते माझ्या टेबलाशेजारी बसून राहिले आणि प्रत्येक पानावर स्वतःचा पंजा ठेवून फक्त फाटलेला कोपरा माझ्यापुढं उघडा करत गेले. जाताना म्हणाले, बाई, तुम्ही प्रामाणिक हाय. मी खरोखरच एकही नक्षी पाहिली नाही. आजही मला त्याची चुटपुट आहे.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट निवृत्तीनंतरची आहे.

शिरोळ भागात महापूर आला त्या वर्षी मी उचगावच्या घरी माडीवर दोन टेबलं टाकून थोडंथोडं काम करत होते. पाणी ओसरलं आणि लोक भिजलेले कागद घेऊन दारात यायला लागले. सातबारे, शाळेचे दाखले, जातीचे दाखले, भजनाच्या वह्या, लग्नाचे अल्बम. ओला कागद दोन-तीन दिवसांत बुरसटायला लागतो. लगेच वाळवणं जमत नसेल तर तो गोठवायचा. हे ऐकून लोक माझ्याकडं संशयानं बघायचे, पण गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही आणि मग सवडीनं एकेक गठ्ठा काढता येतो. गावातल्या एका आइस्क्रीमवाल्यानं त्याचा फ्रीझर मला दिला. पुरात धंदा बंदच होता त्याचा. आठवड्यात तो फ्रीझर दाखल्यांनी गच्च भरला.

त्याच दिवसांत शामराव नावाच्या माणसाचा फोन आला. आडनाव सांगत नाही. शिरोळजवळच्या एका गावातले ऊसवाले शेतकरी, वय पासष्टच्या आसपास. माळ्यापर्यंत पाणी चढलं होतं आणि वडिलांची लोखंडी ट्रंक भिजली होती. आत काय आहे विचारलं तर म्हणाले, "इंग्रजी पेपर हायती. जुनी रद्दी म्हणा की."

रद्दी हा शब्द ऐकून मी त्यांना रांगेत मागं टाकलं. लोकांच्या जमिनीचे आणि नोकरीचे कागद माझ्यापुढं पडले होते. मी सांगितलं, पंधरा दिवसांनी या, तोवर ट्रंक सावलीत ठेवा आणि पानं सुटी करायला जाऊ नका, फाटतील.

ते पंधराव्या दिवशी बरोबर आले. उंच, रापलेला माणूस, टोपी हातात. ट्रंक टेम्पोतून उतरवून माडीवर आणली. झाकण उघडलं आणि मी दोन पावलं मागं सरले. काळीहिरवी बुरशी कापसासारखी फुगून वर आली होती. मी विचारलं, झाकण उघडं ठेवलं नव्हतं? ते म्हणाले, "तुमीच म्हणला न्हाय का, हात लावू नका. आमी कुलूप घालून ठेवली." त्यांच्या मनात मला दोष द्यायचं आलं नाही. माझ्या मनात मात्र ते त्या क्षणी बसलं ते बसलंच.

त्या दिवशी त्यांनी वडिलांबद्दल सांगितलं. घरात त्यांना सगळे तात्या म्हणायचे. तरुणपणी तात्या कोल्हापुरात छापखान्यात इंग्रजी खिळे जुळवायला शिकले, तिथून मुंबईला गेले आणि बोटीनं आफ्रिकेत नैरोबीला. तिथं एका हिंदुस्थानी माणसाच्या छापखान्यात बरीच वर्षं काढली. मग एक दिवस अचानक गावी परतले, लग्न केलं आणि मरेपर्यंत शेती केली. आफ्रिकेचं नाव काढलं की उठून गोठ्यात जायचे. गावात मात्र सगळ्यांना माहीत होतं की तात्या तिकडं चोरीच्या गुन्ह्यात तुरुंगात होते. भाऊबंदकीत वाटण्या झाल्या तेव्हा चुलत्यानं भर पंचांत ते बोलून दाखवलं. तात्या समोर बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मी तवा बारा वर्साचा हुतो," शामराव म्हणाले. "मला वाटलं आता उठत्याल, कायतरी बोलत्याल. न्हाय बोललं. मंजे खरंच आसंल की."

तात्या जाऊन बरीच वर्षं झाली होती. ट्रंकेचं कुलूप नंतर तोडलं तेव्हा आत चोरीचं काही निघेल या भीतीनं शामरावांनी बायकोलाही जवळ उभं राहू दिलं नव्हतं. निघाले ते पेपर. वाचता येईनात म्हणून परत माळ्यावर ठेवले. आता पुरानं ते खाली आणले होते, आणि वाया जाण्याआधी त्यात काय आहे एवढं त्यांना कळायला हवं होतं.

मी मास्क लावून कामाला लागले. गठ्ठा चिखलानं विटेसारखा झाला होता. असा गठ्ठा कोरडा उकलायचा नसतो. पसरट ट्रेमध्ये स्वच्छ पाणी घ्यायचं, त्यात तो बुडवायचा, मऊ ब्रशनं कडेकडेनं चिखल सोडवायचा. वरचं पान सुटं होऊन तरंगायला लागलं की त्याच्याखाली प्लॅस्टिकची पातळ फिल्म सरकवायची आणि पान फिल्मसकट उचलून टिपकागदावर घालायचं. दिवसाकाठी आठ-दहा पानं होतात. घाई केली की पान पिठल्यासारखं हातात येतं.

पहिलं पान वाळलं आणि माझी उत्सुकता चाळवली. लिपी इंग्रजी, पण भाषा इंग्रजी नाही. लहान, चार पानी वर्तमानपत्र. मी शब्द लावत बसले. मधूनच ओळखीचं कुणीतरी भेटायचं. एका ओळीत 'कलामू' होतं, पुढं 'किताबू', एके ठिकाणी चक्क 'चाय' आणि 'दुका'. परक्या गावच्या बाजारात आपल्या गावची माणसं दिसावीत तसं झालं. दुसरी गोष्ट माझ्या छापखान्यातल्या नजरेला दिसली. पानाच्या वरच्या भागात 'के' हे अक्षर एका वळणाचं होतं आणि खाली खाली येताना ते बदलत होतं. कुठं जाड, कुठं तिरकं, कुठं एक माप मोठं. ही हौस नव्हे, अडचण होती. इंग्रजी खिळ्यांच्या पेटीत 'के' थोडेच असतात, इंग्रजीला फार लागत नाहीत. या भाषेला ते पावलोपावली लागत होते. जुळवणाऱ्याचे संपायचे आणि मग तो दुसऱ्या पेट्यांतून उसने आणायचा.

चौथ्या दिवशी माझा हात थांबला. पेपरांच्या मध्ये छपाईआधी तपासायला काढलेली प्रुफं होती. एका बाजूला छापलेली, पाठ कोरी. आणि त्या कोऱ्या पाठीवर शिसपेन्सिलीनं मोडी लिहिलेली होती.

नैरोबीच्या कागदावर मोडी! मी खिडकीशी नेऊन वाचलं. शब्दांच्या जोड्या होत्या. 'अर्धी: जमीन.' 'काझी: काम.' 'न्जा: भूक.' 'उहुरू: स्वातंत्र्य.' खाली एक ओळ: 'आज के संपले. जाहिरातीच्या टायपातले घातले. कोणास कळले नाही.'

मला हसू आलं. जुळवणाऱ्याला वाटलं होतं कुणाला कळलं नाही, आणि इतक्या वर्षांनी उचगावात एका बाइंडिंगवालीला ते कळलं होतं.

भाषा वाचणारं कुणीतरी हवं होतं. विद्यापीठात इतिहास शिकवणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना फोन केला. त्यांनी वांजिकू नावाची मुलगी पाठवली. ती केनियाची, कोल्हापुरात नर्सिंग शिकत होती. तिला थोडी हिंदी आणि वॉर्डात पेशंटांशी बोलून शिकलेली मराठी येत होती, त्यामुळं ती मला पहिल्याच भेटीत "मावशी, कुठं दुखतंय?" म्हणाली आणि मग स्वतःच हसली. पुढचं भाषांतरही तिनं तसंच, तुकड्यातुकड्यांनी मराठीत केलं.

काही पेपर स्वाहिली भाषेतले होते. काही किकुयूतले, आणि ती तिची घरची भाषा. तिनं टेबलाजवळ खुर्ची ओढली आणि बोट न टेकवता, मी सांगितलं तसं, ओळीच्या वरून बोट फिरवत वाचायला लागली. शामरावांनाही मी त्या दिवशी बोलावून घेतलं होतं.

तिनं आधी आम्हाला समजावलं. त्या वेळी तिच्या देशात गोरे नुसते राज्य करायला आले नव्हते, राहायला आले होते. थंड हवेची, चांगल्या पावसाची जमीन त्यांच्या नावावर झालेली. मोठी वर्तमानपत्रंही गोऱ्यांचीच. तिच्या लोकांनी स्वतःची लहान पत्रं काढली. स्वतःचा छापखाना उभा करणं त्यांना बहुतेक जमायचं नाही, म्हणून त्यांतली बरीच नैरोबीच्या हिंदुस्थानी लोकांच्या छापखान्यांत छापली जायची. सरकारला ती खुपायची. लेखकाला पकडायचे, संपादकाला पकडायचे, छापणाऱ्याचा छापखाना जप्त करायची धमकी द्यायचे. पुढं आणीबाणी लावली आणि ती पत्रं बंदच केली. तिची पणजी सांगायची, वाचता येणारा एक असायचा आणि बाजारात त्याच्याभोवती पन्नास ऐकणारे.

मग बातम्या. एका गावाची शाळा बंद केल्याची तक्रार. गुरं कोंडल्याची. एका शेतकऱ्याचं पत्र होतं की माझ्याच रानात मला कॉफी लावू देत नाहीत, ते पीक गोऱ्यांसाठी राखलंय. हे मी मराठीत सांगितलं तेव्हा शामराव पुढं सरकून बसले. त्यांनी दोनदा विचारलं की रान त्याचंच होतं ना. मी हो म्हटलं. ऊसवाल्या माणसाला यापेक्षा जास्त समजावून सांगावं लागत नाही.

एका पेपरात 'किपांडे'बद्दल लिहिलं होतं. वांजिकू म्हणाली, कामावर जाणाऱ्या प्रत्येक काळ्या पुरुषानं ओळखीचा कागद पत्र्याच्या डबीत घालून जवळ ठेवायचा, तो गळ्यात अडकवलेला असायचा. गळा हा शब्द तिनं मराठीत म्हटला, स्वतःच्या गळ्याला हात लावून. गळ्यात काय अडकवायला लावत होते याच्या गोष्टी आमच्या घरातही पणज्याच्या तोंडून आजीकडं आणि आजीकडून माझ्याकडं आल्या आहेत. मी त्या तिला सांगितल्या नाहीत. तिचं पान वाळत ठेवलं आणि दुसरं घेतलं.

महिनाभर हे चाललं. वांजिकू सुट्टीच्या दिवशी यायची. ती छापील बाजू वाचायची, मी पाठीवरची मोडी. तात्यांचे शब्द वाढत गेलेले दिसायचे. आधी एकेक शब्द, मग वाक्यं, मग छापलेल्या मजकुरावर त्यांचं मत. कॉफीच्या पत्रापाठी लिहिलं होतं, 'हा मनुष्य बरोबर बोलतो.' स्वातंत्र्य मिळून गेलेल्या देशातला तरुण, अजून न मिळालेल्या देशातली अक्षरं जुळवत होता आणि हळूहळू ती वाचायला लागला होता.

ट्रंकेच्या तळाशी कापडात गुंडाळलेला एक वेगळा गठ्ठा होता. छापायला आलेले मूळ लेख, हातानं लिहिलेले. मी तो पाण्यात घालण्याआधी कोपरा उघडून बघितला आणि समजले. सगळं निळं. फाउंटन पेनची शाई पुरात विरघळून कागदभर पसरली होती. पेन्सिल टिकली, छपाई टिकली, शाई गेली. एकही ओळ शिल्लक नव्हती. ते लेख कुणी लिहिले, कुणाच्या हातचे होते, हे आता कुणालाही कळणार नव्हतं.

आणि मग शेवटचं प्रूफ निघालं. त्याच्या पाठीवर शब्दार्थ नव्हते, हकिकत होती. मी शामरावांना बोलावून घेतलं आणि त्यांच्यासमोर वाचून दाखवलं. जसं होतं तसं इथं देते.

'पोलिसांचा साहेब आला. लेखांचे मूळ कागद मागितले. हस्ताक्षर ओळखून धरणार. मालक म्हणाले, कागद नाहीत. मला विचारले, तू हे वाचतोस काय. मी म्हणालो, साहेब, मी अक्षरे जुळवितो, वाचीत नाही. मला ही भाषा येत नाही. साहेबाने मानले. रात्री मूळ कागद व माझी प्रुफे घेऊन गेलो. पुन्हा झडती झाली. काही सापडले नाही.'

इथवर अक्षर स्वच्छ होतं. पुढं लिहिलं होतं, 'मालकांनी माझ्यावर चोरीची फिर्याद दिली.' आणि त्यानंतर पंजाएवढं भोक. बुरशीनं कागद आरपार खाल्ला होता. भोकाच्या पलीकडं ओळ पुन्हा सुरू होत होती: '...नाही. तीन महिने काढले. बोटीत बसविले.'

शामराव त्या भोकावर वाकले. मग विचारलं, तिथं काय असेल.

मी सांगितलं, मला माहीत नाही. 'मालकांचा दोष नाही' असं असू शकेल. दोघांनी मिळून फिर्यादीचं ठरवलं असेल, म्हणजे कागद कुठं गेले असं पोलिसांनी विचारलं की नोकरानं चोरले असं सांगता आलं. किंवा 'मालकांना लाज वाटली नाही' असंही असू शकेल. मालकानं छापखाना वाचवायला नोकराला पुढं केलं असेल. 'नाही'च्या आधीचा शब्द गेला की दोन्ही बसतं.

"तुमास्नी काय वाटतंय?"

मी म्हटलं, आमच्या कामात रिकाम्या जागेत आपलं अक्षर घालायचं नसतं. पण तेवढ्यावर थांबणं मला बरं वाटेना. मी त्यांना सांगून टाकलं की हे भोक पुरानं पाडलेलं नाही. ओला कागद बंद ट्रंकेत पंधरा दिवस राहिला म्हणून पडलं, आणि पंधरा दिवस मी सांगितले होते. फोन आला त्याच दिवशी ट्रंक मागवली असती, फ्रीझरमधले चार अल्बम बाहेर काढून हा गठ्ठा आत ठेवला असता, तर तो शब्द आज आपण वाचला असता. चूक माझी आहे.

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मला वाटलं, उठून जातील.

"बाई," ते म्हणाले, "त्या फ्रीझरात आमच्या शेजारणीच्या पोरीचा दाखला हुता. तिचं नर्शिंगचं ॲडमिशन त्येच्यावर झालं. मी तुमास्नी काय म्हणू?"

थोड्या वेळानं ते म्हणाले, मालकाचा दोष नव्हता असंच मी धरून चालतो. तात्या त्या मालकाबद्दल कधी वाईट बोलले नाहीत. तसे ते चांगलंही बोलले नव्हते, पण हे मी त्यांना आठवून दिलं नाही. मग ते एकदम हसले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

"मंजे चोरी केलीच की तात्यानं."

केलीच. छापखान्याचे कागद छापखान्याबाहेर नेले ही चोरीच होती. ज्याच्यासाठी केली त्याचं हस्ताक्षर तेव्हा पोलिसांना मिळालं नाही, आणि आता कृष्णेच्या पुरानं ते आम्हालाही मिळू दिलं नाही. आणि प्रुफं का नेली तेही मला त्या दिवशी लक्षात आलं. मला ही भाषा येत नाही, असं साहेबाला सांगणाऱ्या माणसाच्या हातचे शब्दार्थ त्यांच्या पाठीवर होते. मोडी वाचणारा एक माणूस नैरोबीत निघाला असता तरी तीन महिन्यांवर भागलं नसतं.

मी शामरावांना विचारलं, तात्यांनी घरात तरी कधी ती भाषा येते असं सांगितलं होतं का. ते म्हणाले, एकदा शाळेतून आल्यावर मी हट्ट धरला होता की आफ्रिकेतलं काहीतरी बोलून दाखवा. तात्या म्हणाले होते, मला येत न्हाय. मी नुसती अक्षरं लावत हुतो.

पेपरांचं काय करायचं यावर आम्ही तिघांनी विचार केला. शामरावांचं म्हणणं, ते ज्यांचे आहेत त्यांच्याकडं जावेत. वांजिकूनं तिच्या देशातल्या एका ग्रंथालयाला लिहिलं. यातले काही अंक त्यांना कधी मिळालेलेच नव्हते. त्यांनी पुन्हा पुन्हा पत्रं पाठवली. सगळ्याचे फोटो काढले, मी प्रत्येक पानाला पाठीमागून आरपार वाचता येईल असा पातळ पापुद्रा लावला, आणि छापील अंक पाठवायचे ठरले. निळ्या झालेल्या कागदांचा गठ्ठाही. वांजिकू म्हणाली, तिकडं कदाचित एखादं यंत्र असेल, त्यातून अक्षर दिसेल. मला फारशी आशा नाही, पण मी नको म्हटलं नाही. मोडीची प्रुफं शामरावांनी स्वतःजवळ ठेवली. त्यांचं वाचन मी साध्या देवनागरी अक्षरात लिहून दिलं. भोकाच्या जागी भोकाएवढीच जागा मोकळी सोडली. पुढं गावात त्यांनी चुलत्याच्या मुलांना घरी बोलावून ते सगळं वाचून दाखवलं, असं मला त्यांनीच फोनवर सांगितलं. कोण काय म्हणालं ते सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

प्रुफं न्यायला ते आले त्या दिवशी वांजिकू घरीच होती. प्रुफं सपाट पेट्यांत घालून त्या पेट्या धुतलेल्या ट्रंकेत बसवल्या होत्या. ट्रंक जड झाली होती. माडीचा जिना अरुंद आहे, अकरा पायऱ्या. वांजिकू खालच्या बाजूनं धरून उलटी उतरत होती, शामराव वरून. ते जरा घाईनं पुढं आले आणि ट्रंक तिच्याकडं कलली.

"पोले पोले, बाबा," ती म्हणाली. "पोले पोले."

शामराव पाचव्या पायरीवर थांबले. त्यांनी ट्रंक हळूच पायरीवर टेकवली आणि कठड्याला धरून उभे राहिले. मला वाटलं छातीत कळ आली. मी वरून विचारलं, काय झालं.

"ही काय म्हणाली?"

मी वांजिकूला विचारलं. तिनं सांगितलं, स्वाहिली आहे, हळू हळू म्हणजे.

"आमचं तात्या बैलांस्नी असंच म्हणायचं," शामराव म्हणाले. "उसाची भरली गाडी चढावर निघाली की म्होरं चालत जायचं आन् म्हणायचं. पोले पोले. रोज. आख्खं गाव समजायचं की कानडी हाय."

वांजिकूला सगळं कळलं नसावं. ती माझ्याकडं बघायला लागली. मी तिला सांगितलं. तिनं मान खाली घातली आणि ट्रंकेच्या झाकणावर हात ठेवला.

शामरावांनी टोपीनं तोंड पुसलं. म्हणाले, "परत म्हण की, बाळा."

ती परत म्हणाली. मग दोघांनी ट्रंक उचलली आणि उरलेल्या सहा पायऱ्या उतरून खाली गेले.